उन्हाळी सिनेमे २०२६ : यंदा कशाची वाट बघताय आणि का?

फिरतं रीळ (धागाकर्ती)

मंडळी, हॉलिवूडचा उन्हाळा तोंडावर आलाय. मेच्या पहिल्या शुक्रवारपासून सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेपर्यंत हा हंगाम चालतो. त्यातला बराचसा काळ अमेरिकेतल्या शाळांना सुट्टी असते, आणि स्टुडिओंनी वर्षभर राखून ठेवलेले मोठे सिनेमे या काळात एकामागून एक बाहेर पडतात. यंदाची यादी वाचताना मला फार आनंद झाला. तो एकटीने ठेवून घ्यावासा वाटेना, म्हणून हा धागा.

१ मेचाच शुक्रवार घ्या. २००२ साली 'स्पायडर-मॅन' ३ मेला आला आणि पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत १० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडणारा तो पहिला सिनेमा ठरला. तेव्हापासून मेचा पहिला आठवडा बहुतेक सुपरहिरोंच्याच वाट्याला गेला. यंदाही तिथे 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे' येणार होता. तो डिसेंबरात गेला आणि त्या तारखेला आलाय 'द डेव्हिल वेअर्स प्राडा २'. मेरिल स्ट्रीप आणि अ‍ॅन हॅथवे उन्हाळ्याचं दार उघडणार! पहिला भाग ३० जून २००६ चा. 'सुपरमॅन रिटर्न्स' त्याच आठवड्यात आलेला असतानाही तो सिनेमा जगभरात ३० कोटी डॉलरच्या पुढे गेला होता. फॅशन मासिकाच्या ऑफिसातली गोष्ट बघायला उन्हाळ्यात कोण येईल, या प्रश्नाचं उत्तर तेव्हाच मिळालं होतं. वीस वर्षांनी का होईना, मानाची तारीख मिळाली.

मग २२ मेला 'द मँडलोरियन अँड ग्रोगू'. २०१९ च्या डिसेंबरनंतर थिएटरात आलेला 'स्टार वॉर्स'च्या दुनियेतला हा पहिलाच सिनेमा. १२ जूनला स्पीलबर्गचा 'डिस्क्लोजर डे', १९ जूनला 'टॉय स्टोरी ५', २६ जूनला 'सुपरगर्ल', १७ जुलैला होमरच्या ग्रीक महाकाव्यावरचा नोलनचा 'द ओडिसी' आणि ३१ जुलैला 'स्पायडर-मॅन: ब्रँड न्यू डे'. अधेमधे 'मिनियन्स ३' आणि माणसांना घेऊन केलेला 'मोआना' आहेतच. (तारखा स्टुडिओंनी जाहीर केलेल्या आहेत. देशोदेशी एखाददुसरा दिवस इकडेतिकडे होतो.)

मला उन्हाळा आवडतो तो मुख्यतः एका गोष्टीसाठी. एरवी आपण सगळे आपापल्या वेळी, आपापल्या पडद्यावर, आपापलं काहीतरी बघत असतो. हे चार महिने मात्र लाखो माणसं एकच गोष्ट त्याच आठवड्यात, अंधारात, अनोळखी लोकांच्या शेजारी बसून बघतात. सोमवारी जो भेटेल त्याच्याशी बोलायला विषय असतो. असं एकत्र बघणं आता फार थोडं उरलंय आणि मला ते जपावंसं वाटतं.

तर सांगा, तुम्ही कशाची वाट बघताय? नुसतं नाव नको, कारणही लिहा. एकच विनंती, फुटलेल्या कथानकांच्या अफवा इथे आणू नका.

---

शेवटची रांग

ओडिसी. ओडिसी. ओडिसी.

कारण : समुद्र, जहाज, एकाक्ष राक्षस आणि वीस वर्षं घरी न पोचलेला माणूस. हे छोट्या पडद्यावर बघायचंच नाही.

---

सत्तर मिमी

शेवटची रांग, टाळी द्या!

'ओडिसी'बद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण या सिनेमाची वाट बघण्यात तंत्राचा भाग मोठा आहे. संपूर्णपणे आयमॅक्स (अतिभव्य पडद्यासाठीच्या) फिल्म कॅमेऱ्यांवर चित्रित झालेला हा पहिला कथापट. नोलनने 'द डार्क नाइट'मध्ये (२००८) काही प्रसंग या कॅमेऱ्यावर घेतले आणि पुढे सिनेमागणिक त्यांचं प्रमाण वाढवत नेलं, पण अख्खा सिनेमा त्यावर घेणं आजवर कुणाला जमलं नव्हतं.

का जमलं नव्हतं? एक म्हणजे आवाज. हा कॅमेरा चालू असताना इतका खडखडाट करतो की त्याच्याजवळ दोन माणसं हळू आवाजात बोलत असतील तर तो संवाद वापरण्याजोगा राहत नाही. म्हणून संवादांचे प्रसंग दुसऱ्या कॅमेऱ्यांवर घेत. या सिनेमासाठी आयमॅक्सने कॅमेऱ्याचा आवाज आटोक्यात आणणारी नवी व्यवस्था केली. दुसरं म्हणजे फिल्मची भूक. साध्या ३५ मिमीत फिल्म उभी सरकते, इथे ती आडवी धावते आणि एका चौकटीला कडेची १५ छिद्रं लागतात. म्हणजे सेकंदाला जवळपास पावणेदोन मीटर फिल्म! हजार फुटांचं रीळ तीन मिनिटांत संपतं. नट ऐन भरात आलाय आणि रीळ संपलं, असं होऊ नये म्हणून किती तयारी करावी लागत असेल. मोरोक्कोत, ग्रीसमध्ये, आइसलँडमध्ये, त्यातही भर समुद्रात हे सगळं सांभाळलंय. छायालेखक हॉयटे व्हॅन हॉयटेमा यांना माझा आत्ताच दंडवत.

बदल्यात मिळतं काय? ३५ मिमीच्या आठपटींहून मोठी चौकट. पडदा पूर्ण उंचीचा असेल तर वर आकाश आणि खाली पाणी दोन्ही नजरेत मावत नाहीत, मान वळवावी लागते. 'ओपनहायमर'ची आयमॅक्स प्रिंट साधारण ११ मैल लांब आणि पावणेतीनशे किलोंच्या आसपास होती. ती दाखवू शकणारी थिएटरं तेव्हा जगभरात फक्त ३० होती. 'ओडिसी'च्या अशा खेळांची काही तिकिटं १७ जुलै २०२५ ला, म्हणजे बरोब्बर एक वर्ष आधी विक्रीला काढली आणि बघता बघता बरेच खेळ भरले. वर्षभर आधी! वाट बघण्याची ताकद आणखी कशी मोजायची?

आपल्यापैकी बहुतेकांना फिल्मवरचा खेळ मिळणार नाही. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, लेझर प्रोजेक्टरचा आयमॅक्सही सुंदर दिसतो. जागा मात्र नीट निवडा. पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश अंतर मागे आणि मधोमध. ध्वनिमिश्रण करणारे तंत्रज्ञ मिक्सिंग थिएटरात साधारण तिथेच बसतात, त्यामुळे आवाज त्यांनी ऐकला तसा तुम्हाला ऐकू येतो.

---

मृण्मयी_लेखणी

रीळताई, धागा छान आहे, पण माझा आनंद तुमच्याइतका सरसकट नाही. यादी परत वाचा. २, ५, ३, पुन्हा स्पायडर-मॅन, पुन्हा मोआना. ज्या गोष्टी आपण एकदा मनापासून बघितल्या त्याच पुन्हा विकायला मांडल्यात. वाट बघण्यात 'काय असेल?' हा प्रश्न हवा. इथे बहुतेकांचं उत्तर शीर्षकातच लिहिलेलं आहे.

म्हणून माझ्या यादीत एकच नाव, 'डिस्क्लोजर डे'. मूळ कल्पना स्पीलबर्गची, पटकथा डेव्हिड केपची, एमिली ब्लंट आणि जॉश ओकॉनर मुख्य भूमिकेत. परग्रहवासी आहेत हे सगळ्या जगाला एकदम कळलं तर काय होईल, एवढंच मला माहीत आहे आणि त्यापुढे जाणून घ्यायचं नाही. हा माणूस जूनमध्ये आला की मी सगळं सोडून जाते. 'जॉज' २० जून १९७५, 'ई.टी.' ११ जून १९८२, 'ज्युरासिक पार्क' ११ जून १९९३. आता १२ जून. ७९ व्या वर्षी तो नवी गोष्ट घेऊन येतोय, आणि त्याच्यापेक्षा निम्म्या वयाचे लोक जुन्या गोष्टींचे पुढचे भाग काढतायत.

---

फिरतं रीळ

मृण्मयी, तुमचं म्हणणं अर्धं पटतं. 'जॉज'चं नाव काढलंत म्हणून आधी त्याबद्दल लिहिते, कारण हा हंगाम मुळात तिथूनच उभा राहिला.

त्याआधी मोठा सिनेमा मोजक्या शहरांत, मोजक्या थिएटरांत लागायचा आणि नाव होत गेलं की हळूहळू पसरायचा. एकदम शेकडो ठिकाणी लावायचा तो बहुधा दुबळा सिनेमा. वाईट बोलबाला व्हायच्या आत गल्ला गोळा करून मोकळं व्हायचं. 'जॉज'च्या वेळी युनिव्हर्सलने हा प्रघात उलटवला. सिनेमा चांगला आहे हे माहीत असताना तो अमेरिकेत एकाच दिवशी ४०९ थिएटरांत लावला आणि आधीच्या दिवसांत राष्ट्रीय टीव्हीवर जाहिरातींचा मारा केला. अख्खा देश एकाच आठवड्यात एकाच माशाला घाबरला.

आणि तो मासा दिसतो किती थोडा! खाऱ्या पाण्यात यांत्रिक शार्क सारखा बंद पडायचा. ५५ दिवसांचं चित्रीकरण १५९ दिवसांवर गेलं. मासा दाखवता येईना, म्हणून पाण्याखालून बघणारा कॅमेरा आणि जॉन विल्यम्सचे ते दोन स्वर यांच्यावर भीती उभी केली. मोठ्या सिनेमातही न दाखवलेलं सगळ्यात जास्त लक्षात राहतं, हे मला तिथून कळलं. 'ज्युरासिक पार्क'ही तसाच आहे, दोन तासांहून मोठ्या सिनेमात डायनोसॉर जेमतेम पंधरा मिनिटं दिसतात.

आता पुढच्या भागांबद्दल. आकडा लागला म्हणून प्रश्न संपत नाही. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' हा चौथा भाग होता. १५ मे २०१५ ला तो बघून बाहेर पडलेल्या कुणालाही आपण जुनं काही बघितलंय असं वाटलं नसेल. 'टॉप गन'चा दुसरा भाग ३६ वर्षांनी आला, त्यातही महामारीमुळे दोन वर्षं डब्यात पडून होता, पण निर्मात्यांनी तो थिएटरसाठीच धरून ठेवला. २७ मे २०२२ ला आला आणि जवळपास दीड अब्ज डॉलर कमावून गेला. बंद पडू घातलेल्या थिएटरांना त्या उन्हाळ्यात त्याने केवढा तरी आधार दिला. मी आकडा बघत नाही, कुणी आणि कशासाठी केलाय ते बघते.

---

गारवा

थोडी मागची गोष्ट. 'जॉज'च्या पन्नास वर्षं आधी उन्हाळा हा सिनेमाधंद्याचा सर्वांत मंद काळ होता. बंद हॉलमध्ये इतकं उकडायचं की लोक फिरकत नसत, काही थिएटरं तर उन्हाळाभर टाळं लावायची. १९२५ मध्ये मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीत न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात विलिस कॅरियरची वातानुकूलन यंत्रणा सुरू झाली आणि चित्र पालटलं. लोक गारव्यासाठी आत यायचे आणि सिनेमा बघून जायचे. पुढे १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' त्याच मेमोरियल डेच्या आठवड्यात आला, सुरुवातीला फक्त ३२ थिएटरांत. यंदाचा 'मँडलोरियन'ही त्याच आठवड्यात येतोय. मला हा धागा फार आवडतो (दोन्ही अर्थांनी).

---

खिडकीपाशी

माझी विनंती थोडी वेगळी आहे. यंदा सोमवारच्या आकड्यांवरून सिनेमाला पास-नापास ठरवू नका.

२५ जून १९८२ आठवा. त्या एकाच शुक्रवारी 'ब्लेड रनर' आणि 'द थिंग' दोन्ही आले. 'ई.टी.' दोन आठवड्यांपूर्वी लागला होता, आणि प्रेमळ परग्रहवासी बघून आलेल्या प्रेक्षकांना हे दोन काळोखे सिनेमे नकोसे झाले. समीक्षकांनीही झोडपलं. 'द थिंग'मधल्या रॉब बॉटिनच्या मेकअप-इफेक्ट्सच्या कामाला तर किळसवाणं म्हणून हिणवलं गेलं. आज भयपट करणारा प्रत्येक जण ते काम अभ्यासतो, आणि भविष्यातलं शहर रंगवायचं तर 'ब्लेड रनर'ला टाळून पुढे जाता येत नाही. दोन्ही सिनेमे होते तेवढेच चांगले पहिल्या दिवशीही होते.

यंदाही असा एखादा सिनेमा यादीत असेल. तो मोठ्यांच्या मध्ये चेपला जाईल, दुसऱ्या आठवड्यात सकाळच्या एका खेळावर येईल आणि मग निघून जाईल. तो कोणता हे ओळखून वेळेत बघणं, यासाठी मी उन्हाळ्याची वाट बघतो.

---

शेवटची रांग

@खिडकीपाशी, +१. असा सिनेमा दिसला की इथे लगेच लिहा, आम्ही जाऊ.

---

पडद्यामागे

मी व्हीएफएक्समध्ये (सिनेमाच्या दृश्य-इफेक्ट्समध्ये) कम्पोझिटिंग करतो, म्हणजे वेगवेगळे तुकडे एका चौकटीत असे बसवायचे की जोड दिसू नये. कोणत्या सिनेमांवर काम केलं ते लिहू शकत नाही. पण उन्हाळा आमच्या बाजूने कसा दिसतो ते सांगावंसं वाटतं.

तुम्ही ज्या तारखांची वाट बघता त्या आम्ही उलट्या मोजतो. मोठ्या सिनेमाची तारीख कित्येकदा पटकथा पूर्ण व्हायच्या आधी ठरलेली असते. ती हलत नाही, मधलं सगळं हलतं. शेवटच्या महिन्यांत प्रसंग बदलतो, पोशाख बदलतो, कधी अख्खा शेवट बदलतो, आणि तो बदल रात्रीच्या पाळीत आमच्याकडे येतो. एका शॉटवर मी कितीतरी आठवडे घालवले आणि तो सिनेमात पापणी लवेपर्यंत असतो. तरीही थिएटरात तो शॉट आला आणि पुढच्या रांगेतली मुलगी "अरे!" म्हणाली, तेव्हा शेजारच्याला सांगावंसं वाटलं की हे मी केलंय.

'इफेक्ट्स भिकार होते' असं लिहिण्याआधी एवढं लक्षात घ्या की बहुतेक वेळा तिथे कौशल्य नव्हे, वेळ कमी पडलेला असतो. २०२३ मध्ये मार्व्हलच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी युनियनच्या बाजूने एकमताने मतदान केलं, ते उगाच नाही. आणि श्रेयनामावली सुरू झाली की निदान दोन मिनिटं बसा. शेवटच्या छुप्या प्रसंगासाठी नको, त्या नावांसाठी बसा.

---

मृण्मयी_लेखणी

@पडद्यामागे, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. यापुढे पूर्ण नावं संपेपर्यंत बसणार.

---

दोन पिल्लांची आई

आमच्या घरी 'टॉय स्टोरी ५'चा दिवस कॅलेंडरवर रंगवून झालाय. खेळणी विरुद्ध टॅब्लेट असा विषय आहे म्हणे, आणि दिग्दर्शन अँड्र्यू स्टँटनचं. ज्याने 'वॉल-ई'मध्ये पहिली कितीतरी मिनिटं जवळजवळ संवादांशिवाय एका यंत्राचा एकटेपणा सांगितला, त्याने मुलं आणि पडदा या विषयाला हात घालावा याची मला फार उत्सुकता आहे. उपदेश करणार नाही अशी खात्री वाटते.

धाकट्याचा थिएटरातला हा पहिलाच सिनेमा. कुणी अनुभवाचं सांगाल का? अंधार आणि आवाज, दोन्हीची त्याला थोडी भीती आहे.

---

गारवा

@दोन पिल्लांची आई, कडेची जागा घ्या, म्हणजे वाटलं तर पटकन बाहेर जाता येतं. आधीच्या ट्रेलरांचा आवाज मुलांना सिनेमापेक्षाही जास्त दचकवतो, म्हणून ते संपता संपता आत गेलात तरी चालेल. कानांवर बसणारे आवाजरोधक हेडफोन असतील तर सोबत ठेवा. आणि 'हे सगळं पडद्यावर आहे, दिवे परत लागणार आहेत' हे घरीच एकदा सांगून ठेवा. काही थिएटरांत लहान मुलांसाठी दिवे अंधुक चालू ठेवून, आवाज कमी करून खेळ लावतात. तुमच्याकडे आहे का ते विचारा. मधेच उठावं लागलं तर उठा, ओढून बसवू नका. पहिली आठवण चांगली राहिली की मूल स्वतःहून परत येतं.

---

सत्तर मिमी

ट्रेलरांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, 'ओडिसी'चा पहिला ट्रेलर बघितला, त्यानंतर काही बघणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या ट्रेलरात शेवटच्या तासातली दृश्यं असतात. वाट बघण्यातली मजा आपणच आधी खर्चून टाकतो.

---

फिरतं रीळ

सत्तर मिमी, मी तर 'डिस्क्लोजर डे'साठी पहिल्यापासूनच डोळे मिटून घेते. टॉम हॉलंड आणि झेंडाया 'ओडिसी'तही आहेत आणि दोन आठवड्यांनी 'स्पायडर-मॅन'मध्येही. होमरच्या दुनियेतला टेलेमॅकस (ओडिसियसचा मुलगा) बघून लगेच पीटर पार्कर बघायचा! एका नटाची दोन टोकं इतक्या जवळून बघायला क्वचित मिळतात.

आणि ऑगस्ट विसरू नका. मोठे सिनेमे संपले म्हणून लोक ऑगस्टकडे बघत नाहीत, पण 'द सिक्स्थ सेन्स' ६ ऑगस्ट १९९९ चा आहे. त्या उन्हाळ्यात सगळं जग मे महिन्यातल्या 'स्टार वॉर्स'बद्दल बोलत होतं. हा सिनेमा मागून आला आणि सलग पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. बघून आलेली माणसं दुसऱ्यांना शेवट न सांगता "बघच" एवढंच म्हणत होती.

---

मृण्मयी_लेखणी

हेच तर! मृत माणसं दिसणारा मुलगा, कुणाचाही पुढचा भाग नाही. रीळताई, माझी बाजू तुम्हीच मांडलीत. बरं, 'प्राडा'ला येईन मी. स्ट्रीपबाई आहेत म्हणून.

---

खिडकीपाशी

एक व्यवहाराची गोष्ट. दर सिनेमाचा वेगळा धागा काढू या का? इथे सगळं मिसळलं तर उशिरा बघणाऱ्यांची पंचाईत होईल.

---

फिरतं रीळ

चालेल. प्रत्येक सिनेमाचा धागा प्रदर्शनाच्या रात्री काढायचा, शीर्षकात 'रहस्यभेद' असं स्पष्ट लिहायचं, आणि पहिला प्रतिसाद कथानक न सांगता. 'ओडिसी'चा सत्तर मिमी काढतील, 'टॉय स्टोरी'चा पिल्लांची आई, 'डिस्क्लोजर डे'चा अर्थातच मृण्मयी. चेपल्या गेलेल्या सिनेमांसाठी खिडकीपाशी यांनी एक चालू धागा ठेवावा, त्यात कधीही भर घालता येईल. 'प्राडा'चा मी १ मेला रात्री काढते.

---

पडद्यामागे

'सुपरगर्ल'चा मी काढतो. मी त्यावर काम केलेलं नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहिता येईल.